डाव्या कुशीच्या गुंड्या

—नाही म्हटलं ना, मला नाही ओळखता येत. तीस वर्षं झाली त्याला, पोरी. एकोणपन्नास सालचं मासिक पिशवीतून काढतेस, पान माझ्या नाकासमोर धरतेस नि विचारतेस, आत्या, हे चित्र कुणी कोरलं? आधी आत्या म्हणू नकोस मला. तुझ्या बापानं मला कधी बहीणबिहीण मानलं नव्हतं, खाम-पुई म्हणायचा, नाहीतर नुसतं अगं. आणि खाली छापलंय की ठळक, माक यात-सिंग. तुझ्या बापाचंच नाव. ज्याचं नाव त्याचं चित्र, झालं तर मग. बस. अगं बस म्हणजे खाली बस, त्या स्टुलावर— ते डगमगतं जरा, भिंतीकडे सरकव. चहा घे. पेला या फळीवरच ठेव, फळीला काही होत नाही, रोज तिच्यावर माझी ठोकाठोक चालते. पिशवी ठेव की खाली, एवढ्या उकाड्यात हातावर घेऊन कशाला बसलीस? नको? बरं, राहू दे. माझे हात थांबायचे नाहीत हं, राग मानू नको. आठव्या महिन्याची पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली, आणि पौर्णिमेच्या केकवाल्यांना साचा फुटलाय हे नेमकं आत्ताच कळतं. पूर्वी या रस्त्यावर आम्ही नऊ दुकानं होतो साचे कोरणारी. आता दोन. प्लॅस्टिकचे निघालेत ना. बरंच झालं म्हणा, माझा अंगठा आता वळत नाही.

काय म्हणालीस, सुक-फान नाव तुझं? त्यानं ठेवलं असणार. आणि तो कसा— नको, थांब, त्याचं मग सांग. आधी मला हे सांग, माझा पत्ता कुणी दिला? त्याच्या वहीत होता? शांघाय स्ट्रीट, दुसरा मजला? तो दुसरा मजला पाडून तिथं आता बँक झालीय. मग? विचारत विचारत आलीस. साचेवाली बाई कुठं बसते म्हणून. साचेवालीच का पण? कोण म्हणालं? तुझ्या बापाच्या शाळेतला कोरकाम शिकवणारा मास्तर— आणि तो म्हणाला, की हे काम डावखुऱ्याचं नाही, माक डावखुरा होता, आणि ही गोल पटाशी ज्या तऱ्हेनं खोल घातलीय तशी फक्त केकचे साचे कोरणारे घालतात. असं म्हणाला? हुशार आहे की. तीस वर्षं कुठं गेला होता हा हुशार? बापाला उभं करून विचारत होते तेव्हा याचे डोळे आले होते काय? असू दे. त्याला तरी काय बोलणार. तेव्हा सगळ्यांचेच डोळे आले होते.

हे बघ, आमच्याकडे माझं-तुझं नव्हतंच मुळी, ते तुला कळायचं नाही. शेहेचाळीसात आम्ही इकडे पळून आलो, तेरा जण, कुणी शांघायहून, कुणी छोंगछिंगहून, पाठीवर कपड्याचं बोचकं नि बोचक्यात पटाश्या. मी मूळची इथलीच, लढाईत तिकडे गेलेली, यांच्याबरोबर परतले. तिकडे नानकिंगचं सरकार आमच्यासारख्या कम्युनिस्ट चित्रकारांना धरून नेत होतं, इथं इंग्रजांच्या वळचणीला बसून आम्ही इंग्रजांना शिव्या देत होतो. काऊलूनच्या चढावर सोयाच्या कारखान्यावर दोन खोल्या. गच्चीवर रांजण— उन्हात सोया मुरत पडलेला— त्याचा वास कपड्यांना, केसांना, भाताला. एक साध्या कपड्यातला पोलीस यायचा अधूनमधून मोजदाद करायला, तो म्हणे आम्हाला ट्राममध्ये पाठमोरं ओळखायचा, नुसत्या वासावरून. एक खारवलेला मासा दोरीला टांगलेला असायचा, तो पुरवून पुरवून खायचा. आणि शनिवारी भिंत. त्या आठवड्यात जे कोरलं ते खिळ्याला लावायचं, आणि प्रत्येकानं प्रत्येक चित्रात एक तरी दोष दाखवायचा, दाखवलाच पाहिजे, नाही दाखवला तर तोच तुझा दोष. चिम मास्तर मधे बसायचे, आमचे म्होरके. चंद्र काढावा की काढू नये यावर आमचे दोन शनिवार गेलेत. एक म्हणे चंद्र शेतकऱ्याचाही असतो, दुसरा म्हणे असतो, पण शेतकरी त्याच्याकडे बघत बसत नाही. हसू नको. हस, हस. आम्हीही हसायचो, पण मनातल्या मनात.

आणि सही करायची नाही. म्हणजे करायची, पण आपली नाही. मासिकाच्या एका अंकात एकाच माणसाची तीन चित्रं बरी दिसत नाहीत, पोलिसालाही मोजायला सोपं जातं, म्हणून नावं वाटून घ्यायची. माझं चित्र याच्या नावावर, याचं त्याच्या. माझं म्हणणं ही जमीनदारी, असं चिम मास्तर म्हणायचे. माझी सात नावं होती, सातही पुरुषांची. आणि माझं काम काय तर कोरणं. बाप साचे कोरायचा, आजा साचे कोरायचा, मी सात वर्षांची असल्यापासून उलटं कोरत आलेय. साच्यात मासा उलटा कोरावा तेव्हा केकवर सुलटा येतो. हे शहाणे चित्रकार परदेशी पुस्तकं बघून कोरायला शिकलेले, घाई आली की यांचे हात कापायचे, मग खाम-पुई, जरा हे करून दे, खाम-पुई, जरा ते. करून द्यायची. केकवाली म्हणायचे मला. प्रेमानं म्हणायचे, नाही असं नाही. पण शनिवारी भिंतीवर लागलं की दोष चित्राचा नि वाहवा नावाची. सांगायचं काय, तर त्या भिंतीवर कुणाचं काय होतं ते आता देवालाही सांगता येणार नाही. तेव्हा मासिकामागून काढलास तो अर्जाचा कागद घडी घालून ठेव.

कशाला वाचून दाखवतेस? बरं वाच. वरचं राहू दे, नावंगावं मला ठाऊक आहेत, मधलं वाच. त्याच्यावर आरोप काय ठेवला होता ते. हं... 'मुक्त होऊ घातलेल्या जनतेला मढ्याचे कपडे चढवून तिच्या मरणाची इच्छा धरली.' वा. लिहिणाऱ्याचा हात चांगला आहे. तुला कळतं का तरी यातलं काही? तुम्ही सगळे मधोमध गुंड्यांवाले. जुन्या सदऱ्याचा डावा पदर वर यायचा नि गुंड्या उजव्या कुशीला, जित्या माणसाच्या. मेला की उलटं, उजवा पदर वर, गुंड्या डाव्या कुशीला, म्हणजे वाट चुकून परत जित्यांत यायला नको. लहान मूल सदरा चुकीचा घालून आलं तर माझी आई थोबाडीत द्यायची, अभद्र म्हणून. आणि या चित्रात बघ, अकरा माणसं डोंगरावरून खाली येतायत, आपल्या फौजेच्या स्वागताला, कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या हातात कंदील, आणि अकराच्या अकरा जणांच्या गुंड्या डाव्या कुशीला. अकरा मढी उतरतायत. बरोबरच आहे त्यांचं. अंधश्रद्धा मोडायला निघालेली माणसं, पण हे मात्र अचूक दिसलं त्यांना, सतरा-अठरा वर्षांनी, ग्रंथालयात बसून. तेव्हा त्या खोलीत तेरा जणांत कुणाला दिसलं नव्हतं.

दिसलं नव्हतं म्हणजे... जरा ती सुरी दे इकडे. ती नव्हे, वाकडी.

सप्टेंबर होता. आपल्या लाल फौजा कँटनकडे सरकत होत्या, रोज वर्तमानपत्र उघडलं की एक नवं गाव, आणि आम्ही खुळ्यासारखे त्या गावाच्या नावानं एकेक घास जास्त जेवायचो. मासिकाच्या अंकासाठी यात-सिंगचं चित्र जायचं होतं आणि तो हिवतापानं फणफणलेला, दात वाजतायत, दोन गोधड्या अंगावर, तरी कागद मागतोय. चार रेघा मारल्या त्यानं. डोंगर, वाट, माणसं म्हणून नुसत्या काड्या. तेही जाड कागदावर. पातळ कागद असता तर मी तो उताणा न लावता पालथा चिकटवला असता फळीवर, की आपोआप सगळं उलटं होतं, कोरायचं तेवढं. जाड कागदातून काय दिसणार? म्हणून नजरेनं उतरवून घेतलं. वाट उलटी केली, डोंगर उलटा केला, कंदील या हातातून त्या हातात दिला, सगळं नीट केलं. त्याच्या काड्यांना तोंडं मी दिली. तो म्हातारा बघ, वाकलेला, तो माझा बाप आहे. ती पोरवाली माझी भावजय, जपान्यांच्या बाँबमध्ये गेली ती. दोन दिवस मी जेवणाला उठले नाही. आणि सदरे कोरताना हात आपला सदरा रोज सकाळी बांधतो तसा बांधत गेला. डावा पदर वर, गुंड्या उजवीकडे. फळीवर. म्हणजे ठशात डावीकडे. सात वर्षांची असल्यापासून उलटं कोरणारी मी, आणि हे. दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर मी आठवडाभर हसले असते.

हो. मी कोरलं. झालं समाधान? तुझ्या मास्तराला सांग, शाबास म्हणावं.

आता काय लिहिलंयस बघू खाली. 'घाईगर्दीत, नजरचुकीनं, माझ्या हातून हा दोष राहिला.' बरं लिहिलंयस. अक्षर बापाचंच आहे, डावीकडे झुकतं. यावर मी अंगठा करायचा, की मग वीस तारखेला त्यांची समिती बसणार, फाइल बंद होणार, तुझ्या आईला शाळेतली खोली परत मिळणार नि भावाला नोकरी. एवढंच ना? आणि नाव धुतलं जाणार. तेही खरं. त्याच्या नावासाठी म्हणतेस ना तू, खोलीसाठी नव्हे, दिसतंय मला. पण हे 'नजरचुकीनं' आहे ना—

पहिला ठसा काढला तेव्हा मला दिसलं. पळीच्या पाठीनं कागद घासला, कोपऱ्याला धरून उचलला, आणि दिसलं. लगेच. दुपारचे तीन वाजले असतील, छापखान्याचा माणूस सहाला येणार. दुरुस्त होत नाही असं नाही, गुंडीच्या जागी भोक पाडायचं, लाकडाची खुंटी ठोकायची, नवीन कोरायचं. अकरा खुंट्या. मला तीन तास पुरले असते, माझा हात होताच तेवढा. नुसतं तोंड उघडून चिम मास्तरांना म्हणायला हवं होतं, थांबा जरा. पण तेवढ्यात कुणीतरी ओला ठसा नेऊन भिंतीवर लावला, शनिवारच होता तो, आणि सगळे गप्प झाले. तीन वर्षांत कधी गप्प झाले नव्हते. दोष दाखवायचा नियम, आणि एकालाही दोष सापडेना. चिम मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले नि म्हणाले, माक, आज तू आपल्या सगळ्यांच्या वतीनं बोललास. आणि सगळे गोधड्यांत बसलेल्या तुझ्या बापाच्या पाठीवर थापा मारायला लागले. मी दाराशी उभी होते, हाताला शाई. माझ्याकडे एकजणही वळला नाही.

मग मी नाही उघडलं तोंड. कळलं का? थकवा नव्हता, घाई नव्हती. वाहवा त्याची, मग चूकही त्याचीच असू दे, असं म्हटलं मी मनात. नेमकं असंच म्हटलं, शब्द आठवतात मला. वाटलं, दोन दिवसांनी अंक येईल, कुणीतरी म्हणेल, अरे माक, ही तर मढी, आणि हसतील त्याला. बास. एवढंच हवं होतं मला, एकदा त्याला हसलेलं. हसण्यापलीकडे काही होत असतं हे तेव्हा ठाऊक होतं कुणाला?

आणि त्याला दिसलं होतं. तू नको सांगू, मी सांगते. त्या गर्दीतून तो भिंतीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. संध्याकाळी जिन्यात भेटला, भिंतीला धरून उतरत होता, म्हणाला, "खाम-पुई, आज माझ्या गुंड्या चुकल्या वाटतं." माझ्या म्हणाला. तुझ्या नाही. मी काय केलं? त्याच्या सदऱ्याकडे बघितलं नि म्हटलं, नाहीत चुकल्या, बरोबर आहेत. आणि खाली निघून गेले पाणी भरायला.

नोव्हेंबरात ते सगळे परत गेले. गाणी म्हणत गेले. मी पुढच्या तुकडीबरोबर जायची होते, तिकीट काढलेलं होतं, मग आईचं दुखणं निघालं— आई दुखणाईत नव्हती गं. ती नंतर दहा वर्षं जगली, ठणठणीत. मला वाटलं, पुन्हा तेरा जण, पुन्हा भिंत. दमले होते मी. इथं बापाचं दुकान होतं. साच्याला कुणी दोष दाखवत नाही, केक निघाला की झालं. पुढं अठ्ठावन्न साली, तिकडे जुनी कामं तपासायला लागले तेव्हा, त्याचं पत्र आलं, एका माशाच्या व्यापाऱ्याच्या हाती, दोन ओळी. ती फळी तुझ्याकडे असली तर जाळून टाक, आणि कुणी विचारलं तर चित्र माझं आहे, हे दोघांनी सारखंच सांगायचं. मी म्हटलं, असं का? मी इथं, इंग्रजांच्या राज्यात, मला कोण काय करणार? तो कशाला आपल्या गळ्यात बांधून घेतोय? उत्तर नाही दिलं. काय देणार होते?

काय? पुन्हा म्हण.

खाम-पुई परत यायचीय, असं म्हणायचा? तुम्हाला? घरी? कधी म्हणायचा असं? सक्तमजुरीला शेतावर पाठवलं त्यानंतरही? सुटून आल्यावरही... तिच्या नावावर डाग नको, तिला परत यायचंय, ती नुसती आईसाठी थांबलीय. बरं. बरं. मूर्ख माणूस. म्हणजे वीस वर्षं त्यानं ती गोष्ट धरून ठेवली ती माझी वाट मोकळी राहावी म्हणून, आणि मला तर यायचंच नव्हतं. एका ओळीत कळवता आलं असतं मला. येत नाही, माझं नाव सांगून मोकळा हो. एक ओळ. माशाच्या व्यापाऱ्यानं दोनदा विचारलं, बाई, उत्तर काही?

रडू नको. नाही रडत? मग मलाच धूसर दिसतंय. तो पेला उचल. उचल म्हणते ना, आणि फळी उलटी कर, माझ्या मनगटात जोर नाही. सांभाळून, जड आहे, जुनं नासपतीचं लाकूड. हो, तीच. एकवीस वर्षं तिच्या पाठीवर साचे कोरतेय. जाळली नाही. शाई वाळून काळी पडलीय, पण बोट फिरव, लागतील तुला तोंडं. आणि हे बघ, सदऱ्यांवर गोल गोल लागतंय? त्या खुंट्या. अकरा. पत्र आलं त्या वर्षी रविवारी बसून ठोकल्या, एकेका रविवारी एक, आणि नीट कोरल्या. तीन तासांचं काम, अकरा रविवार लागले. आता ठसा काढलास तर सगळे जिवंत निघतील. पण कुठं पाठवणार होते मी तो ठसा? घेऊन जा. समितीपुढं ठेव. खुंट्या मोजायला सांग त्यांना, म्हणजे आधी काय होतं नि कुणी बदललं ते कळेल. पेन आण इकडे. हे 'नजरचुकीनं' मी खोडतेय. ओरडू नको, कागद बाद व्हायचा नाही. वर लिहिते, 'दिसलं होतं, सांगितलं नाही.' हा अंगठा. हे नाव, यू खाम-पुई. माझं स्वतःचं. मी कुठल्या चित्रावर पहिल्यांदाच लिहितेय बघ, आणि तेही कागदावर.

आता पिशवी काढ हातावरून. काढ गं. आल्या आल्याच दिसली होती मला ती काळी पट्टी. कागदावरही त्याच्या नावाआधी काय लिहिलंयस ते मी वाचलं होतं, म्हणून तर वरचं वाचू दिलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग मला हे काही बोलता आलं नसतं. तू पण चालवून घेतलंस, बापावर गेलीयस. कधी गेला? जूनमध्ये. म्हणजे फाइल पुन्हा उघडली हे कळलं होतं त्याला? नव्हतं. हं.

एक विचारते, मग जा. त्याला निजवलं तेव्हा अंगात काय घातलं होतं? कोट. नवीन? शेजाऱ्याचा, निळा. आणि गुंड्या? गुंड्या कुठल्या कुशीला लावल्या त्याच्या?

मधोमध.

हो, मधोमधच असणार. त्या कोटाला असतात तशाच. मी विसरलेच.

जा आता, सरहद्दीवरच्या लोवूची गाडी साडेपाचला सुटते. फळी कापडात गुंडाळ. पेला राहू दे तिथंच, मी विसळते.